घरात हाक मारायचं नाव

परवा बँकेच्या ॲपनं मला पुन्हा बजावलं: तुमचा पासवर्ड पाच दिवसांत बाद होईल, नवा द्या, जुना चालणार नाही. मी फोन सोफ्यावर आपटला आणि चार शिव्या दिल्या. मुलगी हसत म्हणाली, "बाबा, हा नियम कुण्या उंटावरच्या शहाण्यानं काढला असेल हो?" मी गप्प बसलो. तिला वाटलं, बाबांचा पारा चढलाय. पारा चढला नव्हता. त्या शहाण्यांपैकी एकाला मी चांगला ओळखतो, कारण तो मीच होतो.

असा संदेश आला की मला एका बाईचा आवाज ऐकू येतो. फोनच्या खरखरीतून आलेला आवाज, एक नाव, आणि त्यानंतर रोखून धरलेला श्वास सोडल्यासारखं काहीतरी. पंचवीसहून अधिक वर्षं होऊन गेली. दाढी करताना, स्कूटरवर सिग्नलला थांबलेलो असताना, भर लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो आवाज आलेला आहे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण जे येतं ते येतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी जळगावात एका दोन खोल्यांच्या कम्प्युटरच्या दुकानात नोकरीला होतो. गाव असोदा, घरी केळी आणि कपाशी, आणि मी डिप्लोमा करून आलेला, म्हणजे घरात माझ्याइतका शहाणा कोणी नाही अशी माझी पक्की समजूत. आमचे मालक मशीन विकायचे आणि त्यांत घालायचे प्रोग्राम मी लिहायचो. धुळ्याला डोळ्यांचं एक धर्मादाय हॉस्पिटल होतं. त्यांना एका दानशूर कुटुंबानं कम्प्युटर भेट दिला आणि त्यावर रुग्णांचे केसपेपर चढवायचं काम आमच्याकडे आलं. खेड्यापाड्यांतून मोतीबिंदूचे म्हातारे यायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की दुसऱ्यासाठी वर्षा-दोन वर्षांनी परत यायचे, आणि नंबराचा कागद हमखास हरवून यायचे. मग शिपायाला गठ्ठे उपसावे लागत. आता नुसतं नाव आणि गाव टाकलं की जुना केसपेपर पडद्यावर येणार होता.

हे सगळं ठीक होतं. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं.

कुठल्याशा परदेशी पुस्तकाची झेरॉक्स माझ्या हाती लागली होती. त्यात लिहिलं होतं की पासवर्ड फार दिवस एकच ठेवू नये. मी ते वाचलं आणि पेटलो. प्रोग्राममध्ये मी असा बंदोबस्त केला की प्रत्येक पासवर्डचं आयुष्य तीस दिवस. शेवटचे पाच दिवस रोज सूचना. तरी बदलला नाही तर आणखी सात दिवस सवलत, आणि मग प्रोग्राम स्वतःच तो पासवर्ड पुसून टाकणार. एकदा वापरलेला पुन्हा वापरायचा नाही. तीनदा चुकला तर कुलूप. पासवर्ड कुठे लिहायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही, असा कागद मी स्वतः टाइप करून मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. मशीनमध्ये पासवर्ड ज्या फाइलीत राहत, ती मी अशी उलटीपालटी करून ठेवली होती की उघडून बघणाऱ्याला नुसता कचरा दिसावा. कुलूप पडलंच तर उघडायची एक फ्लॉपी होती, ती जळगावच्या माझ्या ड्रॉवरमध्ये. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांचे कागद चोरायला कोण येणार होतं, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. विचारला असता तरी मी त्यालाच अडाणी ठरवलं असतं.

पासवर्ड तिघांना दिले होते. मोठे डॉक्टर, मॅनेजर आणि केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या ताई. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात हात जोडले. मॅनेजरांनी आपला पासवर्ड देवाच्या तसबिरीखालच्या कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवला, दुसऱ्या महिन्यात नवा घेतला आणि तिसऱ्यात विसरून गेले. राहिल्या ताई. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. माहेर कुठलंसं, सासर पिंपळनेरकडचं. नवरा धुळ्यातच एका शाळेत शिक्षक, एक लहान मुलगी. अक्षर मोत्यासारखं, आणि टायपिंग मी शिकवलं त्याच्या दुप्पट वेगानं करायला लागल्या. मला त्या भाऊ म्हणत आणि माझ्या नियमांना हसत.

त्यांचा पासवर्ड मात्र कधी चुकला नाही, कधी विसरला नाही आणि कुठे लिहिलेला सापडला नाही. मी एकदा मॅनेजरांसमोर म्हणालो, "शिका जरा ताईंकडून. यांच्या तोंडून ब्रह्मदेव आला तरी पासवर्ड काढू शकणार नाही." त्या पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "खरंच नाही काढू शकणार, भाऊ. माझ्या तोंडून ते निघायचंच नाही, म्हणून तर ठेवलं." मला वाटलं, बाई चेष्टा करतेय.

पहिला महिना संपला तेव्हा त्या जरा खट्टू झाल्या होत्या. "पुन्हा नवं का टाकायचं? माझं चांगलं आहे ना ते." मी नियम समजावला. त्यांचा चेहरा उतरला तसा मीच एक वाट सांगितली: शब्द तोच ठेवा, पुढे आकडा लावा, एक, मग दोन, मग तीन. मशीन तेवढ्यानं फसतं. त्या खूश झाल्या. माझ्या नियमाला मीच पळवाट दाखवली हे माझ्या लक्षातही आलं नाही. सात महिने असं छान चाललं.

मग त्या रजेवर गेल्या. नवऱ्याला कावीळ झाली होती. आधी अंगावर काढली, मग सासरच्या माणसांनी गावाकडे नेलं, तिकडे कुणीतरी झाडपाल्याचं औषध देतं म्हणून. औषधानं उतार पडला नाही आणि पिंपळनेरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सलाइन लावून ठेवलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की धुळ्याहून महिनाभर कसली तक्रार आलेली नाही, म्हणजे माझा प्रोग्राम उत्तम चालला आहे. खरं तर तो चालतच नव्हता. ताई गेल्यापासून मशीनवर कापड टाकून ठेवलं होतं आणि शिपाई पूर्वीसारखा गठ्ठे उपसत होता. कुणाचं काही अडलं नव्हतं.

एका सकाळी हॉस्पिटलच्या ट्रस्टींचा आमच्या मालकांना निरोप आला. ज्या कुटुंबानं कम्प्युटर दिला होता ते मूळचे धुळ्यातले कापडाचे मारवाडी व्यापारी, आता सुरतेला राहत होते. वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं मशीन बघायला ते दुसऱ्या दिवशी अकरा वाजता येणार होते. मशीन चालू दिसलं पाहिजे. मालकांनी मला पहाटेच्या एस.टी.नं पाठवलं. पारोळ्याला चहा घेतला आणि साडेनऊच्या आत मी हॉस्पिटलात हजर.

कापड काढलं, मशीन चालू केलं. प्रोग्रामनं नाव विचारलं, पासवर्ड विचारला. मॅनेजर डोकं खाजवत कॅलेंडरकडे बघायला लागले. डॉक्टर साक्रीकडे शिबिराला गेलेले. मी म्हणालो, ताई? तेव्हा मॅनेजरांनी कावीळ, पिंपळनेर वगैरे सांगितलं. दवाखान्यासमोरच्या एस.टी.डी. बूथचा नंबर ताईंनी अडीअडचणीला म्हणून देऊन ठेवला होता.

अडीअडचणीला. त्यांच्या अडचणीला, आमच्या नव्हे. पण तेव्हा मला तो शब्द तसा ऐकूच आला नाही.

फ्लॉपी जळगावला होती. जाऊन यायला पाच तास. पाहुणे दीड तासात. मालकांचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि माझं डोकं तापलं. तापलं कुणावर, तर ताईंवर. रजेवर जाताना निदान मला कळवायला नको होतं का, असं मी मॅनेजरांना चांगलं मोठ्यानं म्हणालो. मग फोन फिरवला. बूथवाल्यानं उचलला, "धरा, बोलावतो" म्हणाला, आणि रस्त्यावर ओरडलेला त्याचा आवाज मला ऐकू आला: "ओ वैनी, धुळ्याहून फोन!"

त्या धावत आल्या. रिसीव्हर उचलला तेव्हा दम लागलेला होता. "डॉक्टर साहेब, रिपोर्ट उना का?"

नवऱ्याचं रक्त त्यांनी दिराबरोबर धुळ्याच्या एका लॅबमध्ये तपासायला पाठवलेलं होतं. त्या फोनची वाट बघत त्या तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या.

"ताई, मी आहे. जळगावचा. कम्प्युटरवाला."

"भाऊ? काय व्हयनं?"

एरवी त्या माझ्याशी शहरी मराठी बोलायच्या. त्या दिवशी सगळं बोलणं अहिराणीत आलं, यावरून मी काहीतरी ओळखायला हवं होतं. मी आधी विचारलं, मिस्टर कसे आहेत. विचारलं हे खरं, पण उत्तर पुरतं ऐकून घेतलं नाही. त्या म्हणाल्या की कालपासून बोलत नाहीत, हाक मारली तर डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात. मी "होईल बरं, होईल बरं" म्हणत पुढे सरकलो. पाहुणे येताहेत, मशीन अडलंय, तुमचा पासवर्ड सांगा.

"ते माले सांगता येत नई, भाऊ."

"मीच सांगतोय ना ताई. नियम मी केलेत, मला सांगायला हरकत नाही."

"तसं नई. ते त्यासनं नाव शे."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. बाईनं नवऱ्याचं नाव टाकलं होतं. जे आयुष्यात कधी तोंडातून काढायचं नाही, ते बोटांनी रोज सकाळी टाइप करायचं. आमच्या असोद्यातही बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या आईनं वडिलांना कधी नावानं हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणजे मला हे नवं नव्हतं. शहरात वाढलेला असतो तर निदान अज्ञानाचा बहाणा करता आला असता.

मॅनेजरांनी ताईंच्या अर्जाची फाइल काढली. मी फोनवर विचारलं, "फॉर्मवरचंच नाव ना? पुढे किती?"

"फॉर्मवरलं नई. घरमा हाक मारतस ते. पुढे सात."

घरातलं नाव फाइलीत कुठून असणार? मी म्हणालो, मग सांगा एकदाच पटकन. इथं कोणी ऐकत नाही. मग त्यांचा आवाज एकदम हलका झाला, काहीतरी तोडगा सापडल्यासारखा. "भाऊ, आई आठेच उभी शे. तिले फोन देस. ती सांगी दी."

सासूबाई. बूथमध्ये, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. आई मुलाला त्या नावानं जन्मल्यापासून हाक मारत आलेली. तिनं घेतलं तर ना पाप ना भीती. एका शब्दाचं काम होतं. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात जायचा, बस्स.

मी "नको" म्हणालो.

मी काय म्हणालो ते शब्दाला शब्द आठवतं, आणि तेच लिहितो, कारण त्यात एकही शब्द बदलायचा हक्क मला नाही. मी म्हणालो, "ताई, पासवर्ड तिसऱ्या माणसाला सांगायचा नाही, नियम आहे. तुम्हीच सांगा. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि असलं काय धरून बसता?"

त्या माउलीला पासवर्ड म्हणजे खायचं की प्यायचं हेही ठाऊक नसणार. मॅनेजरांनी कॅलेंडरवर लिहिलेला चालला, आणि पिंपळनेरच्या एका म्हातारीच्या तोंडून आलेला मला चालला नाही. खरं सांगायचं तर तो नियमाचा प्रश्न नव्हता. ताई मला ऐकत नव्हत्या याचा मला राग आला होता. शिकलेल्या बाईनं असं वागावं हे मला कमीपणाचं वाटत होतं, आणि ते मला मोडून काढायचं होतं. घाई तर होतीच. पण घाई हे निमित्त होतं.

तिकडे बूथबाहेरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज आला. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. मग त्यांनी ते नाव घेतलं. स्पष्ट, एकदाच, शाळेतल्या मुलीनं कविता म्हणावी तसं. नंतर "सात". नंतर तो श्वास. आणि त्यामागे, थोडी लांबून, म्हातारीची दबकी आरोळी: "अवं!"

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते घ्यायला लावण्याचं काम मी एकदा केलंय, तेवढं पुरे.

मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि टाइप केलं. मशीननं नकार दिला. वाटलं, बोट चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा नकार. पडद्यावर मीच लिहिलेली ओळ होती: हा पासवर्ड बाद झाला आहे. तेव्हा मी पहिल्यांदा कॅलेंडरकडे बघितलं आणि दिवस मोजले. तीस आणि सात, सदतीस. ताईंनी शेवटचा बदलला त्याला एकोणचाळीस दिवस झाले होते. दोन दिवसांपूर्वीच माझ्या प्रोग्रामनं तो पुसून टाकला होता. मशीनमध्ये ते नाव नव्हतंच. फोन करायच्या आधी मी हिशेब केला असता तर फोनच करावा लागला नसता. मला तो हिशेब करायला जेमतेम दोन मिनिटं लागली असती, आणि पारोळ्याला मी त्याहून जास्त वेळ चहा पिण्यात घालवला होता.

मॅनेजर म्हणाले, "उघडलं का?" मी म्हणालो, "बघतो."

अकरा वाजता पाहुणे आले. मी प्रोग्राम बाजूला ठेवला आणि पडद्यावर त्यांच्या वडिलांचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत लुकलुकत ठेवलं. सगळे हात जोडून उभे राहिले, एका बाईंचे डोळे भरून आले, फोटो निघाला. केसपेपर कसा निघतो हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पेढे खाऊन मंडळी गेली. मलाही पेढा मिळाला आणि मी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी जळगावहून फ्लॉपी आणून तासाभरात कुलूप काढलं.

चौथ्या दिवशी ताईंचे मिस्टर गेले. मॅनेजरांनी दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता, जाता जाता सांगितलं.

नावाचा आणि लिव्हरचा संबंध नाही, हे मला कळतं. तेव्हाही कळत होतं. लॅबचा रिपोर्ट त्याच दुपारी आला होता आणि त्यात आशेला जागाच नव्हती, असंही नंतर समजलं. तरी त्या दिवसापासून मला तो आवाज ऐकू यायला लागला. मी घरी असोद्याला गेलो की आईकडे बघत बसायचो. एकदा न राहवून विचारलंच, "आई, नाव घेतलं तर काय होतं गं?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काही होत नाही रे. पन मंग झालं काही, त आपल्याच्यानं झालं असं वाटते ना." आणि तव्यावर भाकरी टाकली. मी ताटावरून उठलो, जेवलो नाही. ती भूक नाही का म्हणत मागे आली.

दीड-दोन महिन्यांनी ताई कामावर आल्या. त्यांना नवा पासवर्ड द्यायला मला जावंच लागलं. जाताना मी दोन वेळा एस.टी. सोडली. त्या खिडकीशी बसल्या होत्या, वाळलेल्या. मी काय बोलू, काय नको असं करत खुर्ची ओढली. त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "भाऊ, तेच नाव टाकू का? आठ लावून?" मी मान हलवली. त्यांनी टाइप केलं, आणि करता करता तोंडानं म्हणाल्या. अगदी सहज. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कशाला भ्यायचं?"

मग बोलता बोलता कळलं की त्या आता मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहतात. सासूबाई त्यांच्या हातचं पाणी घेत नाहीत. भर बाजारात, नवरा खाटेवर असताना, सुनेनं तोंडानं नाव घेतलं आणि चौथ्या दिवशी लेक गेला. म्हातारीनं ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. तिला लिव्हर कोण समजावणार? "मी त्यांना सांगितलं," ताई म्हणाल्या, "दवाखान्याचं काम अडलं होतं, किती म्हाताऱ्यांचे कागद आत अडकले होते, म्हणून घेतलं. नाव वाया नाही गेलं. भाऊ, उघडलं होतं ना त्या दिवशी?"

हाच क्षण होता. खरं सांगितलं असतं तर सगळा दोष उचलून माझ्या डोक्यावर आला असता, आणि तो तिथलाच होता. पण त्याच वेळी त्यांच्या हातात उरलेली एकमेव गोष्टही गेली असती. मी हे सगळं तेव्हा एवढं विचारपूर्वक तोललं, असं म्हणायला मला आवडेल. मी फक्त घाबरलो होतो.

"हो ताई," मी म्हणालो. "लगेच उघडलं."

त्यांनी मान डोलावली आणि खिडकीवरच्या माणसाचा कागद घेतला. त्या संध्याकाळी मी प्रोग्राममधून तीस दिवसांचा नियम काढून टाकला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यापुढच्या थंडीत मोतीबिंदूचं शिबिर भरलं तेव्हा मी प्रिंटरचं काम घेऊन धुळ्याला गेलो होतो. दुपारी ताई एका म्हातारीचा हात धरून माझ्यापर्यंत आल्या. ठेंगणी, नऊवारीतली, दोन्ही डोळ्यांत पांढरी साय धरल्यासारखी. ताईंनी दोन वेळा पिंपळनेरला जाऊन, विनवण्या करून तिला ऑपरेशनसाठी आणलं होतं. ताई मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा आईंना. माझं त्यांना खरं वाटत नाही. सांगा, उघडलं होतं ना?" आणि त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला दुसरं काही बोलता येणं शक्यच नव्हतं. या एका उत्तरावर त्यांना घर परत मिळणार होतं, किंवा मिळणार नव्हतं.

"हो आजी," मी म्हणालो. "त्यांनी नाव सांगितलं आणि लगेच उघडलं. शेकडो लोकांचे कागद निघाले."

म्हातारी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून उभी होती. तिनं हात पुढे करून माझी बाही चाचपली, दंड धरला. "तुम्ही तेच का, फोन करेल?"

"हो."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझा दंड तसाच धरून ठेवला.

"मी तं तठेच उभी व्हती, भाऊ," ती म्हणाली. "माले इचारी लेवानं व्हतं. मी तं रोज हाक मारू त्याले."

ताईंनी हळूच तिचा हात माझ्या दंडावरून सोडवला. म्हातारीनं तो हात सुनेच्या हातात राहू दिला, आणि दोघी ऑपरेशनच्या रांगेत जाऊन बसल्या. मी प्रिंटर उघडून त्यात काहीतरी शोधत राहिलो.